गांदोची शाळा: माती, पत्रा आणि गावाचे हात

पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर घानाच्या अगदी वर बुर्किना फासो नावाचा देश आहे. समुद्रकिनारा नाही, पाऊस वर्षातले तीन-चार महिने, आणि मार्च-एप्रिलमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर. राजधानी वागादुगुपासून आग्नेयेला सुमारे २०० किलोमीटरवर गांदो नावाचं खेडं आहे. २००१ साली तिथे तीन वर्गांची एक प्राथमिक शाळा उभी राहिली. भिंती मातीच्या, वर पत्रा, आणि बांधणारे हात गावातलेच. २००४ मध्ये या शाळेला आगा खान स्थापत्य पुरस्कार मिळाला. तिचा आराखडा करणारे दिएबेदो फ्रान्सिस केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. स्थापत्यातला हा सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुविशारद.

पुरस्कारांची बातमी तुम्ही कदाचित वाचली असेल. या लेखात मला दोन वेगळे प्रश्न घ्यायचे आहेत. पहिला, ४० अंशांच्या उन्हात वीज नसताना ही इमारत थंड कशी राहते? दुसरा, 'लोकसहभागातून' हा शब्द आपण इतक्या अहवालांत वाचतो की त्याचा अर्थच उरत नाही. तो इथे नेमका कुठे आणि कसा कामाला आला? लेखाच्या शेवटी तुमच्या लक्षात येईल की हे दोन प्रश्न मुळात एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

केरे यांचा जन्म १९६५ साली गांदोमध्येच झाला. ते गावच्या प्रमुखाचे थोरले चिरंजीव. गावात तेव्हा शाळा नव्हती. म्हणून सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेंकोदोगो या शहरात राहून शिकावं लागलं. तिथला वर्ग कोंदट आणि अंधारा होता, आणि त्यात शंभराहून जास्त मुलं कोंबलेली असत. पुढे १९८५ मध्ये सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते बर्लिनला आले. रात्रशाळा करत करत त्यांनी तिथल्या तंत्र विद्यापीठात वास्तुशास्त्राला प्रवेश मिळवला.

विद्यार्थी असतानाच, १९९८ मध्ये, त्यांनी जर्मनीत मित्रांना घेऊन एक छोटी संस्था काढली. तिच्या जर्मन नावाचा अर्थ साधारण 'गांदोसाठी शाळेच्या विटा' असा होतो. पैसे गोळा झाले आणि शाळा बांधून झाली, तेव्हा त्यांची पदवी पूर्ण व्हायची होती. ती २००४ मध्ये मिळाली, म्हणजे ज्या वर्षी या शाळेला पुरस्कार मिळाला त्याच वर्षी!

आता विज्ञानाकडे वळू.

पत्र्याखाली नेमकं काय होतं?

साहेलच्या पट्ट्यात शाळा बांधायची नेहमीची पद्धत म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि त्यांवर थेट ठोकलेला नालीदार पत्रा. पत्रा स्वस्त, हलका आणि पावसाला पक्का. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बसलेल्या कोणालाही पुढचं सांगायला नको. पण 'पत्रा तापतो' म्हणजे किती, हे एकदा आकड्यांत पाहू.

दुपारी डोक्यावर आलेल्या सूर्याकडून दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊर्जा मिळते. पत्रा पातळ असतो, त्यामुळे तो काही मिनिटांतच तापतो आणि ६० अंशांपर्यंत सहज जातो. अशा पत्र्याखाली हवा तर तापतेच, पण मोठा त्रास होतो तो प्रारणाचा. पत्रा खालच्या दिशेने अवरक्त किरण फेकत राहतो. मुलांच्या अंगाचं आणि जमिनीचं तापमान ३५ अंश धरून स्टेफान-बोल्ट्झमनच्या नियमाने हिशोब केला, तर जुन्या, धुळकट पत्र्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १५० वॅट उष्णता खाली येते. वर्ग ६० चौरस मीटरचा धरला तर झाले ९००० वॅट. इथे थंडीत घरात आपण जो १५०० वॅटचा हीटर लावतो, तसे सहा हीटर छताला टांगून भर उन्हाळ्यात चालू ठेवल्यासारखं हे आहे.

त्यात मुलांची भर. शांत बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, लहान मूल थोडी कमी. पन्नास मुलं म्हणजे आणखी साडेतीन-चार हजार वॅट. अशा खोलीत पाढे पाठ होत नाहीत यात मुलांचा काही दोष नाही.

यावर श्रीमंत देशाचं उत्तर म्हणजे एसी. गांदोमध्ये वीज नव्हती. उत्तर इमारतीतूनच यायला हवं होतं, आणि ते अशा सामानातून यायला हवं होतं जे गावाला परवडेल, उचलता येईल आणि बिघडलं तर दुरुस्त करता येईल. या तीन अटी नीट लक्षात ठेवा. पुढचा प्रत्येक तांत्रिक निर्णय या चाळणीतून गेलेला आहे.

माती का?

पर्याय मोजकेच होते. सिमेंट काँक्रीट महाग, कारण देशाला बंदर नाही आणि बरंच सामान शेकडो किलोमीटर ट्रकने येतं. भट्टीत भाजलेल्या विटांना ९००-१००० अंशांची आच लागते. साहेलमध्ये आधीच झाडं विरळ, तिथे भट्ट्यांसाठी सरपण आणायचं कुठून? लाकडाचंही तेच. उरली माती. ती पायाखाली होती, फुकट होती, आणि गावातलं प्रत्येक घर तिचंच होतं.

मातीचा मोठा गुण म्हणजे ती उष्णतेच्या बाबतीत आळशी आहे. सकाळी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला ऊन लागलं की उष्णतेची एक लाट आतल्या दिशेने सरकू लागते. ३० सेंटीमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून ही लाट आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला साधारण नऊ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनची उष्णता आत पोहोचते मध्यरात्री. तोवर शाळा सुटलेली असते. शिवाय वाटेत लाटेची उंचीही कमी होते. दिवस-रात्रीच्या तापमानातला बाहेर जेवढा चढउतार असतो, त्याचा दहावा भागसुद्धा आतल्या पृष्ठभागावर जाणवत नाही. माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरात राहिलेल्या आपल्या आजी-आजोबांना हे गणित मांडता आलं नसेल, पण दुपारी झोपायला कुठे जायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग अडचण काय? अडचण पाण्याची.

चिखल आणि वीट यांतला फरक

माती म्हणजे तीन प्रकारच्या कणांचं मिश्रण: वाळू, त्याहून बारीक गाळ, आणि सर्वांत बारीक चिकणमाती. वाळू हा सांगाडा, चिकणमाती हा डिंक. चिकणमातीचे कण गोल नसतात, पत्त्यांच्या पानांसारखे चपटे असतात. सुकलेल्या मातीत या पानांमध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर उरतो, आणि तो थर पानांना एकमेकांकडे ओढून धरतो. ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात, तसंच. पण पावसाचं भरपूर पाणी आत शिरलं की पानं सुटी होऊन घसरू लागतात. भिंतीचा चिखल होतो.

म्हणूनच गांदोमध्ये दर पावसाळ्यानंतर घरांची डागडुजी करावी लागे, आणि ती सगळं गाव मिळून करत असे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

शाळेसाठी वापरलेली वीट दोन बाबतींत वेगळी होती. एक, मातीत थोडं सिमेंट मिसळलं. अशा विटांमध्ये सिमेंटचं प्रमाण साधारण ५ ते ८ टक्के असतं. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन वाळूच्या कणांमध्ये कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचे सूक्ष्म पूल तयार होतात. हे पूल पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे वीट भिजली तरी आकार धरून राहते. दोन, ओलसर माती साच्यात घालून हाताच्या यंत्राने जोरात दाबली. दाबल्यामुळे आतली पोकळी कमी होते, कण जवळ येतात आणि पाणी शिरायला जागा कमी उरते.

अशा हातयंत्राचा मूळ नमुना १९५० च्या दशकात कोलंबियातल्या बोगोटा इथे तयार झाला. लांब दांड्याची तरफ, एक साचा, आणि दांडा खाली खेचणारी दोन माणसं. ना इंजिन, ना वीज. भारतातही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० च्या दशकापासून अशा विटांवर मोठं काम झालं आहे. तेव्हा हे तंत्रज्ञान युरोपातून आफ्रिकेत 'उतरलेलं' नाही. गरम देशांनी एकमेकांकडून शिकत ते घडवलं आहे. गांदोतल्या तरुणांना विटा पाडायचं प्रशिक्षण दिलं तेही बुर्किना फासोच्याच एका सरकारी संस्थेने.

मी मटेरियल सायन्समध्ये संशोधन करते, म्हणून यातला एक बारकावा मला विशेष वाटतो. सिमेंटला 'सुकायचं' नसतं, त्याला पाणी हवं असतं. वीट पाडल्यावर ती कडक उन्हात ठेवली तर आतलं पाणी उडून जातं, रासायनिक क्रिया अर्धवट राहते आणि वीट कायमची कच्ची राहते. म्हणून विटा सावलीत, झाकून, काही आठवडे ओलसर ठेवाव्या लागतात. पण गावातल्या पारंपरिक विटा उन्हातच वाळवतात! म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीच्या बरोबर उलट वागायचं होतं, तेही जिथे पाणी लांबून आणावं लागतं तिथे. हे काम नुसत्या हुकमाने होत नाही. रोज संध्याकाळी विटांवर पाणी शिंपडणाऱ्या माणसाला 'का' हे कळलेलं असावं लागतं. नाहीतर तो पहिल्याच टंचाईत ते पाणी वाचवतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही वाचवलं असतं.

दोन छपरं, मधून वारा

आता पत्र्याचा प्रश्न. पत्रा काढून टाकता येत नाही, कारण पावसाला तोच पक्का. केरे यांनी पत्रा ठेवला, पण वर्गापासून दूर उचलला.

वर्गाचं खरं छत मातीच्याच विटांचं आहे. भिंतींवर काँक्रीटच्या तुळया, त्यांवर आडव्या लोखंडी सळया, आणि त्या सळयांवर विटा. पत्रा त्याच्या बराच वर, स्वतंत्र सांगाड्यावर उभा आहे. मधली जागा चारी बाजूंनी मोकळी.

याने काय साधतं? पत्रा अजूनही ६० अंशांपर्यंत तापतोच. पण तो आता मुलांच्या डोक्यांना दिसत नाही. त्याला दिसते खालची वीट. प्रारण सरळ रेषेत जातं, त्यामुळे मध्ये आडोसा आला की संपलं. विटांचं छत जड आणि आळशी, म्हणून ते सावकाश तापतं. आणि मधल्या पोकळीत पत्र्यामुळे तापलेली हवा हलकी होते. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी कमी होते. हा फरक छोटा वाटतो, पण गरम हवेला वर ढकलून बाहेर काढायला तो पुरतो. तिच्या जागी बाजूने नवी हवा येते, आणि वर्गातली कोंदट हवाही छताच्या फटींतून वर ओढली जाते. खिडक्यांना झडपा आहेत, त्यांतून खालून ताजी हवा आत शिरते. म्हणजे जो पत्रा आधी शत्रू होता, तोच आता पंख्याचं काम करतो. ऊन जितकं कडक, तितका हा पंखा जोरात!

पत्र्याची वळचणही मुद्दाम लांब काढलेली आहे. भिंतीवर थेट ऊन पडत नाही, आणि पावसाचा मारा मातीपर्यंत पोहोचत नाही. मातीच्या इमारतीला 'चांगले जोडे आणि चांगली टोपी' हवी असं अनेक देशांतले गवंडी म्हणतात. म्हणजे खाली पक्का पाया, वर रुंद छप्पर. वर्गांच्या मधल्या मोकळ्या जागाही याच छपराखाली येतात, त्यामुळे मुलांना दुपारी बसायला, खेळायला सावलीचे ओटे मिळाले.

सळयांची कैची

एवढं मोठं छप्पर उचलून धरायचं तर सहसा जाड पोलादी तुळया लागतात. त्या आणायला मोठे ट्रक आणि चढवायला क्रेन. गांदोमध्ये दोन्ही शक्य नव्हतं. मग बांधकामात वापरतात त्याच साध्या सळया घेतल्या, करवतीने कापल्या आणि छोट्या वेल्डिंग यंत्राने त्रिकोणात जोडून हलक्या कैच्या बनवल्या.

त्रिकोणच का, हे काड्यापेटीच्या काड्यांनी करून पाहता येईल. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत जोडून दाबला तर तो तिरका होतो. त्रिकोणाला तसं होता येत नाही. एखादी काडी मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलतच नाही. त्यामुळे कैचीतल्या प्रत्येक सळईवर फक्त ताण किंवा दाब येतो, ती वाकवली जात नाही. बारीक सळई वाकवायला सोपी असते, पण ओढून तोडायला फार अवघड. म्हणूनच बारीक सळयांचा सांगाडा एवढं छप्पर पेलतो, आणि काही माणसं मिळून तो हाताने उचलू शकतात.

वरच्या तीन अटी आठवा: परवडेल, उचलता येईल, दुरुस्त करता येईल. करवत आणि वेल्डिंग गावातल्या लोकांना शिकवलं गेलं. वादळात उद्या एखादी सळई निखळली तर ती पुन्हा जोडायला राजधानीतून माणूस येण्याची वाट पाहावी लागत नाही.

"माती? आमच्या शाळेला?"

आता या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग. केरे यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे की मातीची शाळा ही कल्पना गावाला मुळीच आवडली नव्हती. आणि गावाचा आक्षेप अडाणी नव्हता, अनुभवाचा होता. मातीची भिंत एका पावसाळ्यात कशी खचते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. युरोपात शिकून आलेला आपला मुलगा काचेची नाहीतर काँक्रीटची इमारत आणेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि हा परत चिखलच दाखवत होता! आपल्याकडे 'कच्चं घर' आणि 'पक्कं घर' या शब्दांत जी प्रतिष्ठा दडलेली आहे, तीच तिथेही.

इथे आराखड्यांचा कागद दाखवून उपयोग नव्हता, कारण बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग जमिनीवर रेघा मारून खोल्या दाखवल्या. नमुना बांधला. विटांची कमान उभी केली आणि केरे स्वतः तिच्यावर चढून उड्या मारत होते. गावाने पाहिलं, कमान टिकली.

तुम्ही विज्ञानाशी संबंधित असाल तर हे ओळखीचं वाटेल. शंका घेणाऱ्यासमोर प्रयोग करायचा, तोही असा की फसला तर सगळ्यांना दिसेल. यालाच आपण पुरावा म्हणतो. 'लोकांचं मन वळवणं' असं आपण सैलपणे म्हणतो, तेव्हा त्यात बऱ्याचदा भाषण असतं, पुरावा नसतो. गांदोच्या लोकांनी भाषणावर विश्वास ठेवला नाही आणि कमानीवर ठेवला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

एकदा पटल्यावर गाव कामाला लागलं. रोज सकाळी शाळेत येताना मुलांनी पायासाठी एकेक दगड आणला. बायकांनी पाणी वाहिलं. पुरुषांनी विटा पाडल्या. जमीन करायची वेळ आली तेव्हा गावातली जुनी पद्धत वापरली: मातीची भुई ओळीने बसून, ढोलाच्या ठेक्यावर तासन्‌तास चोपायची, आणि मग दगडाने घासून गुळगुळीत करायची. आपल्याकडे बायका चोपणीने भुई धरायच्या, त्याचीच ही बहीण. शास्त्राच्या भाषेत हेही विटेच्या यंत्रासारखंच दाबकाम आहे: पोकळी कमी, घनता जास्त. फरक इतकाच की यातलं कौशल्य बर्लिनहून आलं नव्हतं. ते बायकांच्या हातात आधीपासून होतं, आणि आराखड्याने त्याला जागा ठेवली.

पुढे ग्रंथालयाच्या छताची कल्पनाही अशीच निघाली. बायका घरी बनवतात ती मातीची मडकी आणायची, वरून-खालून कापून काँक्रीटच्या छतात बसवायची. प्रत्येक मडक्याचं भोक म्हणजे उजेडाला आणि गरम हवेला एक वाट.

श्रमदान की फुकटची मजुरी?

इथे एक अवघड प्रश्न विचारायलाच हवा. आपण परदेशात राहणारे लोक आपल्या मुलांना शाळेत घालतो तेव्हा कोणी आपल्याला पायाचे दगड वाहायला सांगत नाही. मग गरीब गावांनाच शाळेसाठी घाम का गाळावा लागतो? अनेक मदत-प्रकल्पांत 'लोकसहभाग' म्हणजे खर्च वाचवण्यासाठी मिळवलेली बिनपगारी मजुरी असते. निर्णय दूरच्या कार्यालयात होतात, खड्डे गावाने खणायचे. काम संपतं, फलक लागतो, पाहुणे जातात. चार वर्षांनी पंप बिघडतो आणि त्याचा सुटा भाग कुठे मिळतो हे कोणालाच माहीत नसतं.

हे टाळायचं कसं, याची एक साधी कसोटी मला सुचते: काम संपल्यावर गावाच्या हातात इमारतीशिवाय आणखी काय उरलं?

गांदोच्या बाबतीत याचं उत्तर देता येतं. विटा पाडायला आणि वेल्डिंग करायला शिकलेले तरुण पुढे इतर बांधकामांवर पगारी कामाला गेले. शेजारच्या गावांनी याच पद्धतीने स्वतःच्या शाळा बांधल्या. गांदोमध्ये शिक्षकांची घरं झाली, २००८ मध्ये शाळेची दुसरी इमारत झाली, आणि त्या वेळी सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं नाही. शाळेची पटसंख्या १२० वरून ७०० पर्यंत गेली.

अर्थात ही काही जादू नाही. सिमेंट, पोलाद, पत्रा बाहेरूनच आले. पैसेही मुख्यतः बाहेरून आले. पहिला आराखडा करायला असा माणूस लागला ज्याला गावाची भाषा आणि बर्लिनचं गणित दोन्ही येत होतं, आणि अशी माणसं प्रत्येक गावाला मिळत नाहीत. मातीची विटही सगळीकडे चालत नाही. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर ५ टक्के सिमेंटची मात्रा चालत नाही, तिथे चुना किंवा वेगळीच माती लागते. म्हणून 'गांदोची शाळा उचलून आमच्या गावात आणू' हा या गोष्टीचा बोध नव्हे. गांदोतून उचलायची असेल तर ती निर्णय घेण्याची पद्धत उचलावी.

ही पद्धत म्हणजे काय?

वर्गात आपल्याला शिकवतात की आधी उत्तम उपाय शोधायचा आणि मग तो 'राबवायचा'. लोक येतात ते राबवण्याच्या टप्प्यावर. गांदोमध्ये लोक गणिताच्या सुरुवातीलाच होते. कैची किती वजनाची असावी? जेवढी चार-सहा माणसं उचलतील तेवढी. कोणतं यंत्र वापरायचं? जे वीज नसताना चालेल आणि गावात दुरुस्त होईल. जमीन कशाची? जी बायकांना उत्तम करता येते तिची. या अटी अभियंत्याच्या वाटेतले अडथळे होते असं वाटू शकतं. पण त्याच अटींमुळे इमारत हलकी, स्वस्त आणि थंड झाली. काँक्रीट आणि क्रेन सहज मिळाली असती, तर बहुधा तिथे आणखी एक तापलेली खोली उभी राहिली असती.

पृथ्वी तापते आहे, आणि पुढच्या काही दशकांत सर्वांत जास्त नव्या शाळा लागणार आहेत त्या आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या गरम प्रदेशांतच. प्रत्येक वर्गाला एसी लावणं परवडणारही नाही आणि शहाणपणाचंही नाही. छत कुठे उचलायचं आणि भिंतीला काय वापरायचं हे प्रश्न तेव्हा लाखो मुलांच्या दुपारी ठरवतील.

घरी करून पाहा

मुलांना सुट्टीत एक प्रयोग करायला सांगा, हवं तर तुम्हीही करा. अंगणातली माती एका काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरा. वरचा पालापाचोळा नको, जरा खोलातली माती घ्या. वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. मग बरणी एका जागी ठेवून द्या. वाळू मिनिटाभरातच तळाला बसेल. त्यावर काही तासांत गाळ बसेल. चिकणमाती सर्वांत शेवटी, दिवसभराने किंवा त्याहूनही उशिरा. पाणी निवळलं की पट्टी लावून तिन्ही थर मोजा. खालचा वाळूचा थर निम्म्याहून जास्त असेल आणि चिकणमाती पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी कमी भरली, तर तुमच्या पायाखालची माती विटेसाठी तपासून पाहण्यासारखी आहे.

दुसरी चाचणी आणखी सोपी. ओलसर मातीचा लिंबाहून मोठा गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडा. भुगा झाला तर माती फार कोरडी आहे. भाकरीसारखी थापली गेली तर फार ओली. चार-पाच ढेकळं झाली तर पाण्याचं प्रमाण बरोबर.

या दोन्ही चाचण्यांना ना वीज लागते, ना लिहिता-वाचता यावं लागतं. जगभरच्या मातीच्या बांधकामांवर त्या आजही वापरल्या जातात. परदेशातल्या आपल्या अंगणातली माती आणि गावाकडची माती अशा दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवता आल्या, तर फारच उत्तम. मुलांना विचारा, यांतल्या कोणत्या मातीची शाळा बांधाल, आणि का?